दुपारी दमणारी गाडी

मे महिना लागला की आमच्या गॅरेजात येणारा जो तो एकच तक्रार घेऊन यायचा. "मिस्त्री, गाडीत दम नाही राह्यला."

मी विचारायचो, "सकाळी की दुपारी?"

माणूस जरा आठवून म्हणायचा, "तसं पाह्यलं तं दुपारीच."

मग मी त्याला बसायला स्टूल द्यायचो, माठातलं पाणी द्यायचो आणि विचारायचो, "अन् तुमच्यात राह्यते काय दुपारी?" निम्मी गिऱ्हाइकं इथेच हसून, पाणी पिऊन परत जायची. पान्ह्याने जितक्या गाड्या मी दुरुस्त केल्या, जवळजवळ तितक्याच माठातल्या पाण्याने केल्या असतील. त्यावर पोट भरत नाही, हे बायकोने वेळोवेळी लक्षात आणून दिलं आहे.

वाशिमला मालेगाव रोडवर माझं गॅरेज. आता भाचा सांभाळतो आणि मी घरी बसून पेपर वाचतो. पण उन्हाळ्यात टर्बोची गाडी अडली की त्याचा फोन येतोच. मी "बरं, पाहतो जमलं तर" म्हणतो आणि फोन ठेवायच्या आधी चपला शोधायला लागतो.

टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. चुलीत लाकूड कितीही घाला, हवा मिळाली नाही तर नुसता धूर होतो. आजीने फुंकणीने दोन फुंकरा मारल्या की जाळ उठायचा, तेच हे काम. गंमत अशी की ही फुंकणी मारायला वेगळं कोणी लागत नाही. इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो तोच एक बारका पंखा फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त गेली की डिझेल जास्त जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. धूर फुकट जाणार होता तो कामाला लावला. ज्याने हे शोधलं तो नक्की एखाद्या काटकसरी घरातला असणार.

पण सायकलच्या चाकात हवा भरून झाल्यावर पंपाच्या बुडाला हात लावून पाहा. चटका बसतो. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून टर्बोच्या गाडीत अगदी पुढे, जाळीच्या मागे, इंटरकूलर नावाची एक चपटी पेटी असते. दाबलेली हवा तिच्यातून फिरून, समोरच्या वाऱ्याने निवून मग इंजिनात जाते. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, हा हवेचा माठ आहे. आता आमच्याकडे मेच्या दुपारी डांबराला चप्पल चिकटते. तिथे समोरचा वाराच भट्टीतून आल्यासारखा येतो, तो कुणाला निववणार? आणि हल्लीच्या गाडीत कॉम्प्युटर बसलेला असतो, जुन्या दुकानातल्या सावध मुनीमजीसारखा. आत येणारी हवा फार तापली असं दिसलं की तो कुणाला न विचारता डिझेल कमी करतो. इंजिन वाचतं, गाडी मात्र मालकाला आजारी वाटायला लागते.

हे समजावून सांगितल्यावर लोक काय करतील याचा नेम नसायचा. एका नवरदेवाच्या भावाने वरातीच्या गाडीचा दम टिकावा म्हणून रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणली आणि बॉनेटवर दोरीने बांधली. त्या गाडीत इंटरकूलर खाली, बंपरच्या मागे होता. त्याला थेंबभर गारवा मिळाला नाही. बर्फ वितळून काचेवर यायला लागला आणि त्याने भर उन्हात वायपर लावून वरात मंडपापर्यंत नेली. सगळा गाव बघायला. मला म्हणाला, "मिस्त्री, गाडी नाही पळाली, पण फोटो झकास आले."

दुसरे एक पोहरादेवीच्या यात्रेला सवाऱ्या नेणारे जीपवाले. चैत्रातलं ऊन, गाडी खच्चून भरलेली, चढ जोरात चढायचा आणि पोहोचल्याबरोबर खटकन चावी फिरवून इंजिन बंद. टर्बोचा दांडा तेव्हा लालबुंद तापलेला असतो आणि मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेत असतो. इंजिन बंद झालं की त्याला तेल मिळणंही बंद. आतलं तेल कढईच्या बुडाला करपतं तसं करपतं आणि टर्बो शिट्टी वाजवायला लागतो. मी त्यांना नियम घालून दिला, गाडी थांबली की तंबाखूचा बार मळून तोंडात जाईपर्यंत इंजिन सुरू ठेवायचं. हा नियम चांगला रुजला. फक्त आमच्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी तंबाखू खात नाही, मी काय करू?" त्यांना म्हटलं, तुम्ही चष्मा पुसा.

पण उन्हाची आणि टर्बोची गोष्ट सांगायला बसलो की मला कांतीशेठची गाडी आठवते, आणि गाडीपेक्षा तिचा ड्रायव्हर गजानन.

कांतीशेठ म्हणजे बाजारातले भांड्यांचे व्यापारी. घर जैन, धार्मिक. शेठ तोंडाचे फटकळ पण व्यवहाराला सरळ. घरात सत्ता चालायची त्यांच्या आईची. सगळं गाव त्यांना माँजी म्हणतं. ठेंगणीठुसकी मूर्ती, पांढरी साडी, आणि आवाज असा की दुकानातली पितळी घागर उगाच वाजावी. गजानन अनसिंगचा. शेठचे वडील होते तेव्हापासून त्यांच्या गाडीवर. माणूस कमी बोलणारा, इतका की त्याच्या तोंडून तक्रार काढायची म्हणजे गंजलेला बोल्ट सोडवण्याइतकं काम.

दिवाळीला शेठनी नवी डिझेल गाडी घेतली. हिवाळाभर कुरकूर नाही. ऊन तापायला लागलं आणि दुखणं सुरू झालं. माँजींची बहीण अकोल्याला असते, तिच्याकडे त्यांचं सारखं जाणं. मेडशी मागे टाकून पातूरचा घाट लागला की गाडी बसायची. मागचे ट्रक हॉर्न मारत पुढे निघून जायचे. अकोल्याला मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली, त्यांनी कॉम्प्युटर लावला, काही दोष नाही म्हणाले. मग गाडी माझ्याकडे आली. मी एअर फिल्टर बदलला, हवेचे पाइप बोट फिरवून तपासले, पुढचा बंपर काढून इंटरकूलर पुढून-मागून धुतला. रस्त्यावर नेली तर हरणासारखी पळाली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा सगळं साफ. आता टर्बोच बदलायचा काय, इथवर माझी मती गेली होती.

एके दिवशी शेठ स्कूटरवर एकटेच आले. स्टूलवर बसले नाहीत.

"मिस्त्री, तुमी उगाच गाडी उघडून राह्यले. गाडीत काहीच नाही. खोट माणसात हाय."

"कोणत्या माणसात?"

"गजूत. मी सोता चालवली काल सकाळी, रिसोडवरी. घोड्यावानी पळाली. मंग याच्याच हातात काहून मरते? कुठी तरी सस्तं भेसळीचं डिझेल भरून राह्यला अन् वरचे पैसे खिशात घालून राह्यला. दुसरं काय असन?"

मी म्हटलं, "शेठ, मी टाकीतलं डिझेल बाटलीत काढून पाह्यलं. चोख होतं."

"तुमच्याकडं आणाच्या दिवशी चोखच भरन ना तो! बह्याड हाय काय?" शेठचा आवाज जरा खाली आला. "बापाच्या वेळचा माणूस हाय, म्हणून इतके दिवस गप बसलो. आता त्याले घरी बसवतो."

त्याच संध्याकाळी गजानन आला. त्याला सुगावा लागलाच होता. गॅरेजच्या दाराशी उभा राहिला, आत येईना.

"मिस्त्री, नोकरी जाते तं जाऊ द्या. हात-पाय धड हायेत, काहीही करून खाईन. पण डिझेलचोर म्हणून उतरवून राह्यले मले. अनसिंगले कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

वाशिम केवढं, आणि ड्रायव्हर लोकांची दुनिया त्याहून केवढीशी. चोर म्हणून उतरवलेल्या ड्रायव्हरला गावात दुसरा कोणी चावी देत नाही. आणि हा माणूस असा, की त्याच्यासमोर कोणी विडी पेटवली तरी माँजींच्या गाडीला वास लागेल म्हणून दहा पावलं लांब न्यायचा. मला खरंच वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला तो गाडीचा. बोलता येत नाही तर निदान वेळेवर बिघडावं की नाही माणसाने!

मी शेठना फोन लावला. "एक डाव मले गाडीत बसवून घाट चढा. दुपारी दोनले निघू. गजाननच चालवन, तुमी मागं बसा, माँजीले जायचंच हाय तं त्याही बसतीन. जसे नेहमी जाता तसेच."

"दोनले? या उन्हात? तुमी बी बह्याड झाले काय?"

"गाडी दुपारीच मरते ना शेठ? मंग सकाळी तिची नाडी पाहून काय फायदा?"

शेठ तयार झाले, पण बजावून: "हे आखरी. नाही सापडलं तं गजूचा हिशेब संपला."

त्या दिवशी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी पुढे, मांडीवर स्कॅनर. हे एक छोटं यंत्र असतं, गाडीच्या कॉम्प्युटरच्या पोटात काय चाललं आहे ते त्याच्यावर आकड्यांत दिसतं. मालेगावपर्यंत सगळं ठीक. मेडशी गेली, चढ सुरू झाला आणि आत जाणाऱ्या हवेचा आकडा चढायला लागला. आमच्या उन्हात तो चढणारच, पण हा थांबेचना. इंटरकूलर मी धुतलेला, नव्यासारखा, तरी हवा निवतच नव्हती. आणि मग मुनीमजीने गल्ल्याला कुलूप लावलं. गाडीचा जीव गेला. मागून आलेला विटांनी भरलेला ट्रक आम्हाला ओलांडून गेला, आणि त्याच्या क्लीनरने हात हलवून टाटा केलं.

"पाह्यलं? पाह्यलं मिस्त्री?" मागून शेठ.

"शेठ, पाय पुरा दाबेल हाय," गजानन म्हणाला. त्याचे हात स्टेअरिंगवर घट्ट आवळले होते. "पाहून घ्या तुमी, मिस्त्री."

मी पाहिलं. पाय खरंच खालपर्यंत होता. म्हटलं, त्या निंबाखाली घे, पण इंजिन बंद करू नको.

उतरलो आणि गाडीच्या पुढे उकिडवा बसलो. हात जाळीसमोर धरला. चालू गाडीचा आतला पंखा समोरून हवा खेचतो, तळव्याला ओढ लागायला पाहिजे. ओढ नव्हतीच. पुढच्या जाळीच्या फटीतून बोट आत घातलं तर बोटाला लोखंड लागायच्या जागी कापड लागलं.

"गजानन, हे काय होय?"

तो येऊन वाकून बघतो, आणि अगदी सहज, "ते? ते माँजीची जाळी होय."

"कवापासून हाय?"

"गाडी आली तवापासून."

काळ्या मच्छरदाणीचं कापड, दुहेरी घडी, कडेने इलास्टिक शिवलेलं. चालत्या गाडीच्या वाऱ्याने किडे, फुलपाखरं आत ओढली जातात आणि तापलेल्या रेडिएटरवर भाजून मरतात, हे माँजींनी ऐकलं होतं. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय घागरीत जात नाही, त्या घराने हवाही गाळायची ठरवली. माँजींनी ती जाळी स्वतःच्या हाताने शिवली होती. हिवाळ्यात बाहेरची हवाच गार, तेव्हा कापडातून झिरपून जाईल तेवढ्यावरही गाडीचं भागलं. उन्हाळा आला, कापडात धूळ बसली, आणि हवेच्या माठाला वाराच मिळेना.

"अरे, पण मी दोनदा गाडी उघडली! तवा कुठी होती ही?"

"गॅरेजात न्याची असली की माँजी काढून ठेवाले लावते. तेलाचे हात लागतीन म्हणून. मंग त्या दिवशी धुऊन दोरीवर वाळत घालते."

"अन् शेठ रिसोडले गेले तवा?"

"तवाही दोरीवरच होती."

"मंग मले काहून नाही सांगतलं बाप्पा?"

गजानन माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी गाडीचं विचारलं, मिस्त्री. हे तं देवाधर्माचं हाय."

मी जाळी काढून घेतली. आम्ही गाडी फिरवून घाटाच्या पायथ्याशी नेली आणि त्याच उन्हात, तेवढ्याच माणसांनिशी पुन्हा चढवली. आकडा चढला आणि बेतात राहिला. गाडी गुरगुरत वर गेली. वाटेत तो विटांचा ट्रक चहासाठी थांबलेला दिसला, याची मला आजही हळहळ वाटते. चालता असता तर आम्हीही टाटा केलं असतं.

वरून परत फिरून त्याच निंबाखाली पुन्हा थांबलो. आता खरं कठीण काम होतं. माँजींना सांगायचं कसं? मी गाडी श्वास घेते, गरम हवा विरळ असते, वगैरे सुरुवात केली. त्यांनी मला हाताने थांबवलं.

"समजलं. आमचे महाराजसाहेब तोंडाले मुहपत्ती बांधतेत, कापडाची, जीव तोंडात जाऊ नये म्हणून. पण ते पायी चालतेत, हळूहळू. आपण मुहपत्ती बांधून डोंगरावर पळवून राह्यलो होतो त्या गाडीले. मरन नाही तं काय?"

उभ्या आयुष्यात मला टर्बो इतका थोडक्यात सांगता आला नाही. त्यांनी तिथेच फर्मान काढलं: आजपासून अकोल्याला पहाटेच्या गारव्यात जायचं आणि गाडी सावकाश चालवायची, म्हणजे किड्यालाही बाजूला व्हायला वेळ मिळेल. मग त्यांनी जाळी पाहायला मागितली. मी द्यायच्या आधी गजानन घाईने पुढे झाला. "द्या मिस्त्री, मी झटकून देतो." तोवर माँजींनी ती घेतली होती.

जाळीत धूळ होती आणि पुष्कळ किडे होते. बारीक पाखरं, दोन-चार फुलपाखरांचे पंख. सगळे मेलेले. त्यांचं मरण रेडिएटरवर टळलं होतं, कापडावर नव्हतं.

माँजींनी जाळी उलटीपालटी करून पाहिली. "गजू, तू मले ही जाळी धुवाले देत होता तवा तं यात एकही नसे."

गजानन मान खाली घालून उभा.

"बोल ना."

"मी आधी झाडाखाली झटकून टाकत होतो, माँजी. तुमी इतक्या जीव लावून शिवली. तुमाले वाईट वाटलं असतं."

शेठ रस्त्याकडे तोंड करून उभे होते. दोष डिझेलचा नाही हे घाट चढतानाच त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण आपला आरोप खोटा ठरणं वेगळं आणि तो कोणत्या माणसावर केला हे मनाला लागणं वेगळं, आणि हे दुसरं त्यांना आत्ता लागलं असावं.

"कांती," माँजी म्हणाल्या, "संवत्सरीले तू साऱ्या बाजाराची माफी मागत फिरतो. ज्याच्याशी वर्षभर बोलत नाही त्याचीही. इथं तं माणूस समोर उभा हाय. भादव्याची वाट पाहतो काय?"

जैन घरांत वर्षातून एकदा, भाद्रपदात पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीला, एकमेकांना हात जोडून "मिच्छामि दुक्कडम" म्हणायची रीत आहे. माझं काही चुकलं असेल तर ते मिटो, असा त्याचा अर्थ. आणि ज्याला म्हणायचं त्याने उलट तेच म्हणायचं, म्हणजे कोणाचं कोणाकडे काही राहत नाही.

शेठ वळले. डोक्यावरची टोपी काढली, भर उन्हात. हात जोडले आणि आपल्या ड्रायव्हरसमोर वाकून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम, गजाननभाऊ." इतक्या वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदा पुऱ्या नावाने हाक मारली.

गजानन गोंधळला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माँजींकडे.

"आता तूही म्हण, गजू," माँजी म्हणाल्या. "दोघाईनं म्हणा लागते."

गजाननने हात जोडले, माँजींकडे वळला आणि नीट, एकेक अक्षर उच्चारून म्हणाला, "मिच्छामि दुक्कडम, माँजी. किडे लपवले मी तुमच्यापासून." मग हात सोडले.

"अन् शेठले?"

"शेठले कायले म्हणू?" गजानन म्हणाला. "त्याईचं तं मी काहीच बिघडवलं नाही."

शेठ हात जोडून तसेच उभे राहिले, आणि ते हात त्यांनी खाली घेतलेच नाहीत, जोवर गजाननने दार उघडून "बसा शेठ, ऊन लागन," म्हटलं नाही.